पीआर आठवडेच्या आठवडे अडकतो तेव्हा: काय आणि कोणत्या क्रमानं तपासायचं

"पीआर टाकून महिना होत आला, कोणी ढुंकून बघत नाही." पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट, आपला कोडमधला बदल प्रकल्पात घ्या अशी विनंती. ओपन सोर्समध्ये (कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रकल्पांत) नव्यानं काम करायला लागलेल्यांकडून ही तक्रार इतक्यांदा ऐकलीय की लिंक उघडायच्या आधीच कुठे बघायचं ते माझं ठरलेलं असतं. मी एका मध्यम आकाराच्या प्रकल्पात रिव्ह्यू करते, म्हणजे आलेले बदल तपासते, आणि अडकलेले पीआर मोकळे करून देणं हे काम हळूहळू माझ्याच गळ्यात पडलंय. कोड वाईट म्हणून अडकलेले पीआर त्यात कमीच निघतात. बहुतेकदा पीआर कोणाच्याच यादीत नसतो. टाकणाऱ्याला वाटतं आता पाळी मेंटेनरची (प्रकल्प सांभाळणाऱ्याची), मेंटेनरला वाटतं टाकणाऱ्याची, आणि दोघंही निवांत. खालच्या सगळ्या तपासण्या त्यामुळे एकाच प्रश्नाभोवती फिरतात: आत्ता पाळी कोणाची आहे, आणि ते समोरच्याला दिसतंय का?

लक्षणं

- पीआर उघडा आहे, पण एकही कॉमेंट नाही.
- आपोआप चालणाऱ्या चाचण्या हिरव्या (पास) नाहीत, लालही (नापास) नाहीत. नुसता पिवळा ठिपका, किंवा तोही नाही.
- रिव्ह्यू झाला, तुम्ही सुचवलेले बदल केले, आणि त्यानंतर सामसूम.
- मंजुरी मिळालीय तरी मर्जचं (बदल मुख्य कोडमध्ये मिसळायचं) बटण राखाडीच.
- तुम्ही १२ ओळी बदलल्या, 'फाइल्स चेंज्ड' १,४०० दाखवतंय.
- बॉटनं (प्रकल्पाच्या आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमनं) 'स्टेल'चं (शिळं झाल्याचं) लेबल डकवलंय.
- एका वाक्यात धन्यवाद देऊन पीआर बंद केलाय.

यातलं तुमचं लक्षण कोणतंही असो, सुरुवात वरूनच करा. पहिल्या तपासण्यांना दोन-दोन मिनिटं लागतात आणि त्यातच बरेच पीआर सुटतात.

१. लॉगआउट करून स्वतःचा पीआर बघा

ब्राउझरची प्रायव्हेट खिडकी उघडा, लॉगिन न करता पीआरची लिंक टाका आणि वरपासून खालपर्यंत वाचा. तुमची सगळी उत्तरं दिसतायत का?

बऱ्याचदा दिसत नाहीत. गिटहबवर (असे बरेच प्रकल्प जिथे असतात त्या वेबसाइटवर) एखाद्या ओळीवर कॉमेंट लिहिताना दोन बटणं येतात: 'अ‍ॅड सिंगल कॉमेंट' आणि 'स्टार्ट अ रिव्ह्यू'. दुसरं दाबलं की कॉमेंट लगेच जात नाही, ती तुमच्यापाशीच साठून राहते. तिच्याशेजारी 'पेंडिंग' असं छोटंसं पिवळं लेबल असतं, पण आपल्याच कॉमेंटवरचं लेबल कोण वाचतं? तुमच्या स्क्रीनवर सगळी उत्तरं जागच्या जागी दिसतात. रिव्ह्यूअरच्या स्क्रीनवर मात्र त्याचे प्रश्न तसेच अनुत्तरित असतात, आणि तो तुमची वाट बघत बसतो. 'फाइल्स चेंज्ड'मध्ये जाऊन उजवीकडच्या हिरव्या बटणातून रिव्ह्यू सबमिट केला की सगळं एकदम बाहेर पडतं. स्वतःच्या पीआरवर मंजुरी किंवा बदलांची मागणी असे पर्याय चालत नाहीत, नुसतं 'कॉमेंट' निवडायचं.

हे मेंटेनरांचंही होतं. "मी तर मागच्याच आठवड्यात रिव्ह्यू केला" असं कोणी ठामपणे सांगितलं आणि तुम्हाला काहीच दिसत नसेल, तर पेंडिंग आहे का बघाल का, असं सरळ विचारा. कोणी रागावत नाही.

त्याच पानावर पीआर 'ड्राफ्ट' आहे का तेही बघून घ्या. ड्राफ्ट म्हणजे "अजून काम चालू आहे" अशी पाटी. तो मर्ज करता येत नाही, आणि कोड ओनर्सना (कोडच्या त्या भागाची जबाबदारी असलेल्यांना) आपोआप जाणारी रिव्ह्यूची विनंतीही ड्राफ्ट असेपर्यंत जात नाही. 'रेडी फॉर रिव्ह्यू' दाबा.

२. बॉट काय म्हणतोय ते नीट वाचा

बॉटचा लांबलचक मजकूर बघून लोक खाली सरकतात, आणि नेमकी त्यातच अडचण लिहिलेली असते. बहुधा ती सीएलए किंवा डीसीओची असते.

सीएलए (कॉन्ट्रिब्युटर लायसन्स अ‍ॅग्रीमेंट) म्हणजे प्रकल्पाशी केलेला करार. तो एकदाच करायचा असतो, पण तो तुमच्या ईमेलला किंवा खात्याला बांधलेला असतो. करार जीमेलवरून केला आणि कमिट (नोंदवलेले बदल) ऑफिसच्या लॅपटॉपवरून, ऑफिसच्या पत्त्यानं गेले, तर बॉटच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. गिट लॉगमध्ये (कमिटच्या यादीत) लेखकाचा पत्ता बघा. चुकीचा असेल तर गिट कॉन्फिगमध्ये तो बदला आणि मग कमिटचा लेखकही दुरुस्त करा. नुसतं कॉन्फिग बदललं म्हणून जुने कमिट बदलत नाहीत.

डीसीओ (डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन) ही लिनक्स कर्नलची देणगी, २००४ सालची. कर्नलमधल्या कोडच्या मालकीवरून एससीओ कंपनीची कोर्टबाजी चालू होती, तेव्हा "हा कोड द्यायचा हक्क मला आहे" असं प्रत्येकानं कमिटच्या तळाशी 'साइन्ड-ऑफ-बाय' या ओळीत लिहून द्यायची पद्धत पडली. कमिट करताना डॅश एस दिलं की ती ओळ आपोआप लागते. नेहमीचा घोळ असा, की शेवटच्या कमिटला ओळ असते आणि आधीच्या तीन कमिटना नसते. बॉट प्रत्येक कमिट तपासतो. रिबेसला (कमिट नव्यानं रचणाऱ्या कमांडला) साइनऑफचा पर्याय देऊन सगळ्यांना एकदम ओळ लावता येते.

ही तपासणी लवकर करायची कारण ही कायद्याची बाब आहे. मेंटेनरला तुमचा कोड कितीही आवडला तरी लाल डीसीओवर तो मर्ज करणार नाही. कित्येक मेंटेनर तर लाल पीआर यादीतूनच गाळून टाकतात, म्हणजे तुमचा त्यांना दिसतही नाही.

३. चाचण्या चालल्यात, की परवानगीसाठी थांबल्यात?

पहिल्यांदाच पीआर टाकणाऱ्यांचा गोंधळ इथे सगळ्यात जास्त. २०२१च्या एप्रिलपासून गिटहबनं नियम केला की नवख्या माणसाच्या पीआरवर अ‍ॅक्शन्स (चाचण्या चालवणारी गिटहबची सोय) आपोआप चालणार नाहीत, मेंटेनरनं हिरवा कंदील दाखवावा लागेल. कारण अगदी गद्य होतं: लोक पीआर टाकून फुकटच्या सर्व्हरवर क्रिप्टो मायनिंग करत होते. कुबरनेटीस या मोठ्या प्रकल्पात हेच लेबलनं दिसतं. 'नीड्स-ओके-टू-टेस्ट' लागलेलं असतं आणि संघटनेच्या एखाद्या सदस्यानं 'ओके-टू-टेस्ट'ची कॉमेंट केल्याशिवाय चाचण्या सुटत नाहीत.

इथे पाळी मेंटेनरची आहे. "चाचण्यांना मंजुरी हवी आहे, माझ्या मशीनवर सगळ्या पास झाल्या आहेत" एवढं एक वाक्य पुरतं. मात्र ते खरं असू द्या. मंजुरी मिळाल्यावर पहिल्याच मिनिटाला लिंट (कोडच्या शैलीची तपासणी) पडलं की पुढच्या वेळचा विश्वास जातो.

चाचण्या अजिबातच सुरू झालेल्या नसतील तर मर्ज कॉन्फ्लिक्ट (त्याच ओळींवर दोघांचे वेगवेगळे बदल) बघा. कॉन्फ्लिक्ट असताना पीआरवरच्या अ‍ॅक्शन्स चालतच नाहीत, आणि पानावर त्याचा खुलासा फार ठळक नसतो. कॉन्फ्लिक्ट सोडवा, पुश करा (बदल गिटहबवर चढवा), त्या सुरू होतील.

तिसरा प्रकार तुमच्या हातातला नाही, पण ओळखता यावा. एखादी सक्तीची चाचणी कायम 'निकालाची वाट बघत आहे' असंच दाखवते. बऱ्याचदा ती चाचणी चालवणारं वर्कफ्लो ठराविक फोल्डरांपुरतं असतं. तुम्ही नुसतं डॉक्युमेंटेशन बदललेलं असल्यामुळे ते चालतच नाही, पण नियमानुसार निकाल तर हवाच. मग ते जन्मभर पेंडिंग. तुम्ही कितीही वेळा रिकामे कमिट पुश केलेत तरी काही होणार नाही. हे मेंटेनरला सांगा, दुरुस्ती त्यांच्या सेटिंगमध्ये आहे.

४. "झालं, आता बघा" असं सांगितलंय का?

बदल पुश केले म्हणजे रिव्ह्यूअरला कळलं, असं धरून चालू नका. पुश दिसला तरी "सगळं झालं की अजून अर्धं बाकी आहे" हे त्याला कळत नाही. गिटहबवर उजवीकडे रिव्ह्यूअरच्या नावापुढे गोल बाणाचं चिन्ह असतं. ते दाबलं की पीआर परत त्याच्या यादीत जातो. हे चिन्ह माहीत नसलेली माणसं मला अजून भेटतात, वर्षानुवर्षं काम केलेलीसुद्धा.

सीपायथॉनमध्ये (पायथॉन भाषेच्या मूळ प्रकल्पात) हे आणखी काटेकोर आहे. एखाद्या कोअर डेव्हलपरनं बदल मागितले की बॉट पीआरला 'अवेटिंग चेंजेस'चं लेबल लावतो. तुम्ही सगळं दुरुस्त केलंत तरी ते लेबल तसंच राहतं. "आय हॅव मेड द रिक्वेस्टेड चेंजेस, प्लीज रिव्ह्यू अगेन" हे ठरलेलं वाक्य कॉमेंटमध्ये लिहिलं की लेबल बदलतं. वाक्य बॉटच्या कॉमेंटमध्येच दिलेलं असतं, म्हणून वर म्हटलं की बॉट वाचा.

एक भर: प्रत्येक कॉमेंटखाली काय केलं ते चार शब्दांत लिहा. "केलं" किंवा "हे केलं नाही, कारण अमुक". न पटलेली सूचना गुपचूप वगळली तर रिव्ह्यूअरला ती परत शोधावी लागते, आणि मग तो पीआर उद्यावर ढकलतो.

५. फरक फुगलाय का?

आता जरा मेहनतीचं. 'फाइल्स चेंज्ड' उघडा आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा: ही मी मुद्दाम बदललीय का? १२ ओळींच्या दुरुस्तीसाठी १,४०० ओळी वाचायला लावणं म्हणजे पोतंभर गव्हातून दोन खडे वेचायला देणं. फुकट काम करणारा माणूस दुसरं पोतं उचलतो. गूगलच्या रिव्ह्यूच्या मार्गदर्शिकेत सुमारे १०० ओळींचा बदल ठीक आणि १,००० ओळींचा बहुतेकदा फार मोठा, असं म्हटलंय. कुबरनेटीसचा बॉट तर पीआरला कपड्यांसारखी मापं लावतो: ९ ओळींपर्यंत एक्सएस, १,००० आणि पुढे डबल एक्सएल. मोठं माप बघून लोक पुढे सरकतात.

फुगण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, ओळीच्या शेवटची अदृश्य अक्षरं. विंडोजवर फाइल सेव्ह झाली, सीआरएलएफ (विंडोजची ओळ संपल्याची खूण) घुसलं, आणि अख्खी फाइल लाल-हिरवी झाली. ओळखायची खूण: डावी-उजवी ओळ तंतोतंत सारखी दिसते, तरी बदललेली दाखवते. फरकाच्या पानावर 'हाइड व्हाइटस्पेस' चालू करून बघा. १,४०० चे १२ झाले तर चोर सापडला. दुसरं, एडिटरचं 'फॉरमॅट ऑन सेव्ह'. तुमचा फॉरमॅटर प्रकल्पाच्या नियमांनी चालत नसेल तर तुम्ही हातही न लावलेली फंक्शनं बदलतात. दोन्हींवर उपाय एकच: त्या फाइली मूळ अवस्थेत आणा, एडिटरची सेटिंग त्या फोल्डरपुरती बंद करा, आणि फक्त आपला बदल परत लावा.

तिसरं कारण म्हणजे दुसऱ्यांचे कमिट. तुमच्या पीआरमध्ये अनोळखी नावांचे तीस कमिट दिसत असतील, तर एक तर पीआर चुकीच्या ब्रँचकडे (कोडच्या शाखेकडे) वळवलाय, नाहीतर जुन्या फोर्कवर (प्रकल्पाच्या तुमच्या प्रतीवर) मर्ज-रिबेसची सरमिसळ झालीय. आधी वरची लक्ष्य ब्रँच बघा, ती 'एडिट'मधून बदलता येते आणि काही वेळा तेवढ्यानंच काम होतं. नाही झालं तर मूळ रिपॉझिटरी 'अपस्ट्रीम' म्हणून फेच करा, तिच्या मुख्य ब्रँचवर रिबेस करा आणि 'फोर्स-विथ-लीज'नं पुश करा. नुसतं 'फोर्स' नको. तुमच्या ब्रँचमध्ये मेंटेनरनं मध्ये एखादी छोटी दुरुस्ती पुश केली असेल तर साधा फोर्स ती पुसून टाकतो. लीज मात्र अडवतं.

पण थांबा, आधी प्रकल्पाची रीत बघा. सीपायथॉनवाले फोर्स पुश करू नका म्हणतात. रिव्ह्यूअरला मागच्या खेपेपासून काय बदललं ते दिसायला हवं, आणि मर्ज करताना सगळे कमिट तसेही एक केले जातात. लिब्रेऑफिससारख्या, गेरिट या रिव्ह्यूच्या साधनावर चालणाऱ्या प्रकल्पात याच्या अगदी उलट: तोच कमिट अमेंड (दुरुस्त) करायचा आणि तळाची 'चेंज-आयडी'ची ओळ जशीच्या तशी ठेवायची. ती बदलली की तुमची दुरुस्ती जुन्या चेंजचा पुढचा पॅचसेट (सुधारित आवृत्ती) न होता वेगळाच चेंज बनते, आणि जुना तिकडे अनाथ पडून राहतो. लिनक्स कर्नलमध्ये पॅचची (ईमेलनं पाठवायच्या बदलांची) पूर्ण मालिका 'व्ही-टू' म्हणून परत पाठवायची आणि काय बदललं ते तीन डॅशांच्या रेषेखाली लिहायचं, म्हणजे ते कायमच्या इतिहासात जात नाही. एका प्रकल्पातली शिस्त दुसऱ्यात बेशिस्त ठरते. 'कॉन्ट्रिब्युटिंग' नावाची फाइल त्यासाठीच असते.

६. दार बरोबर ठोठावलंय का?

एका वाक्यात बंद झालेले पीआर इथे येतात. आपल्याकडे यातला सगळ्यात हळहळ वाटणारा प्रकार म्हणजे मराठी भाषांतराचा. कोणीतरी चार संध्याकाळी बसून मीडियाविकीच्या (विकिपीडियामागच्या सॉफ्टवेअरच्या) एखाद्या एक्स्टेन्शनमधली 'एमआर' (मराठी) जेसॉन फाइल नीट करतं, सगळी 'पान संपादित करा'ची वाक्यं सुधारतं, गेरिटवर पाठवतं, आणि उत्तर येतं की इथे नको. कारण ती भाषांतरं ट्रान्सलेटविकी.नेटवर होतात आणि तिथून आपोआप रिपॉझिटरीत येतात. हातानं केलेला बदल पुढच्या आयातीत पुसला जाऊ शकतो. हातानं फक्त इंग्रजी फाइल आणि संदेशांची माहिती देणारी 'क्यूक्यूक्यू' फाइल बदलायची. फायरफॉक्सचं मराठीकरण पॉन्टूनवर चालतं, आणि इतर बऱ्याच प्रकल्पांचं वेबलेटवर. भाषांतराची पहिली ओळ लिहायच्या आधी हे शोधा.

काही दारं तर नुसती रंगवलेली असतात. गिटहबवरची लिनक्सची रिपॉझिटरी ही आरसा आहे, म्हणजे दुसरीकडच्या कोडची नुसती प्रत, तिथे पीआर घेत नाहीत, पॅच ईमेलनं जातात. कोणाला पाठवायचे ते कर्नलमधली 'गेट मेंटेनर' स्क्रिप्ट सांगते. एसक्यूलाइट या डेटाबेसचा कोड सगळ्यांना खुला आहे, पण बाहेरच्या माणसांचं योगदान ते सहसा घेत नाहीत आणि तसं उघडपणे सांगतात. तिथे दुरुस्ती पाठवण्यापेक्षा बगची नेटकी माहिती द्या.

७. वेळ चुकली असेल तर

कर्नलची आवृत्ती साधारण ९-१० आठवड्यांनी येते. त्यातले पहिले दोन आठवडे मर्ज विंडोचे, म्हणजे नवे बदल मुख्य कोडमध्ये घ्यायचे. त्या काळात मेंटेनर आधीच जमवलेलं पुढे पाठवण्यात बुडालेले असतात, तुमचा नवा पॅच बघायला कोणाला सवड नसते. कर्नलची नियमावलीच सांगते की आठवण करण्याआधी निदान एक आठवडा थांबा, गर्दीच्या दिवसांत जास्त. फेब्रुवारी-मार्चमध्ये आणखी एक लाट येते: गूगल समर ऑफ कोड या ओपन सोर्समधल्या नवोदितांसाठीच्या कार्यक्रमाचे अर्ज जवळ आले की आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून पीआरचा पाऊस पडतो. तेव्हा चांगला पीआरही गर्दीत हरवतो.

आठवण करताना नुसतं "एनी अपडेट?" लिहू नका. त्यानं मेंटेनरला काहीच करता येत नाही. बदल काय आहे ते एका ओळीत, चाचण्यांची स्थिती, कोणता प्रश्न अडलाय, आणि पाळी कोणाची, इतकं लिहा. वाचणाऱ्याला वरच्या चाळीस कॉमेंट चाळाव्या लागू नयेत.

'स्टेल' लेबल लागलं तर मनाला लावून घेऊ नका. कुबरनेटीसमध्ये ९० दिवस हालचाल नाही की 'स्टेल', आणखी ३० दिवसांनी 'रॉटन', आणखी ३० दिवसांनी बंद. ते घड्याळ आहे, माणसाचा निकाल नव्हे. लेबल काढायची कमांड बॉटच्याच कॉमेंटमध्ये असते. पण ती द्यायच्या आधी रिबेस करा, नाहीतर तीन महिन्यांनी याच जागी परत याल.

८. सगळं ठीक आहे, तरी हलत नाही

मग बहुधा प्रश्न कोडचा नसून "हे हवंच आहे का?" याचा आहे. इश्यूवर (प्रकल्पाकडच्या अडचणीच्या नोंदीवर) चर्चा न करता मोठं फीचर थेट पीआरमधून आलं की कोणालाच हो किंवा नाही म्हणायची जबाबदारी घ्यायची नसते. मोठ्या प्रकल्पांत यासाठी लेखी प्रस्तावाची वेगळी पायरी असते: पायथॉनमध्ये पेप, रस्टमध्ये आरएफसी, कुबरनेटीसमध्ये केप. लहान प्रकल्पात साधा इश्यू पुरतो. पीआर तसाच ठेवून इश्यू उघडा आणि "ही अडचण तुम्हालाही वाटते का?" एवढंच विचारा. उत्तर नाही असं आलं तरी सुटलात.

हो असेल तर पीआर फोडा. नाव बदलणं, साफसफाई, चाचण्या हे आधीच्या छोट्या पीआरमध्ये, वागणूक बदलणारा भाग शेवटी. कंटाळवाणं आहे, पण सहाशे ओळींच्या एका पीआरपेक्षा दीडशे-दीडशे ओळींचे चार पीआर लवकर जातात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

शेवटचा उपाय सगळ्यात महागडा आणि माझ्या मते सगळ्यात गुणकारी: दुसऱ्यांचे पीआर रिव्ह्यू करा. मंजुरीचा अधिकार नसला तरी चालवून बघून "या आवृत्तीवर चाललं, हा कोपरा फुटतो" असं लिहायला कोणाची ना नसते. कर्नलमध्ये तर 'टेस्टेड-बाय' आणि 'रिव्ह्यूड-बाय' या ओळी इतिहासात नावानिशी जातात. मेंटेनरकडे वेळ नाही हेच मूळ दुखणं असेल तर त्यावर दुसरं औषध मला माहीत नाही.

मेंटेनर हे वाचत असतील तर त्यांनी एकदा कोडओनर्स फाइल उघडून बघावी. त्यात नाव असलेल्या माणसाला रिपॉझिटरीत राइटचा अधिकार नसेल तर रिव्ह्यूची विनंती त्याच्याकडे जातच नाही. सोडून गेलेल्यांची नावं तिथे वर्षानुवर्षं राहतात आणि पीआर त्यांची वाट बघत बसतात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

कमिटमध्ये पासवर्ड किंवा एपीआय की गेली असेल तर रिबेस-बिबेस नंतर. आधी ती की रद्द करा, मग कंपनीच्या किंवा प्रकल्पाच्या सुरक्षा टीमला कळवा. फोर्स पुशनं ती जात नाही, जुना कमिट त्याच्या हॅशवरून (ओळख-क्रमांकावरून) उघडता येतो.

तुमचा बदल एखादं सुरक्षेचं भोक बुजवत असेल तर उघड पीआर टाकूच नका. 'सिक्युरिटी' फाइलमध्ये दिलेल्या खासगी मार्गानं कळवा.

नोकरीत असताना लिहिलेला कोड देताय आणि करारपत्रात "सर्व निर्मिती कंपनीची" असं कलम आहे? वैयक्तिक सीएलएवर सही करण्याआधी कंपनीच्या कायदा विभागाकडून लेखी घ्या, नाहीतर वकिलाला दाखवा. जीपीएल प्रकल्पातला तुकडा एमआयटी किंवा अपाची परवान्याच्या प्रकल्पात आणला असेल तरी तेच. यात चॅटवरचे सल्ले, माझेसुद्धा, उपयोगाचे नाहीत.

रिव्ह्यूमध्ये कोणी अपमान करत असेल, मागे लागत असेल, तर वाद घालू नका. स्क्रीनशॉट घ्या आणि आचारसंहितेच्या समितीला लिहा.

धंदा त्या बदलावर अडलाय आणि तारीख जवळ आलीय, तर मेंटेनरला टोचत बसण्यापेक्षा त्या प्रकल्पात आधीपासून काम करणाऱ्या एखाद्याला पैसे देऊन सल्लागार म्हणून घ्या. तोवर आपला पॅच आपल्या फोर्कमध्ये ठेवून वापरा.

आणि रिपॉझिटरीच्या माथ्यावर 'आर्काइव्ह्ड'ची पट्टी असेल तर वरचं काहीच करू नका. ती फक्त वाचण्यापुरती उरलीय, तिथे कॉमेंटही करता येत नाही. रीडमीमध्ये नव्या घराचा पत्ता दिलाय का बघा, फोर्कच्या यादीत कोण अजून कमिट करतंय ते शोधा, आणि पीआर तिकडे न्या.